चिमाबाईचा हेल

कुडपण गावच्या चंदनचं ओरडणं असं, की माळावरची म्हैस चरणं सोडून घरची वाट धरी. महाडला कारखान्यात लागल्यावर ते ओरडणं सोबतच्या सुधीरने ऐकलं. सुधीर गिटार बडवायचा. दोघांनी आणखी दोघांना धरून ‘कडा’ नावाचा मेटल बँड काढला. लोक कानांत बोटं घालत.

मग चंदनचे वडील गेले. गावात माणूस गेलं की घरची बाई हेल काढून, गेलेल्याशी बोलत रडते. आई, चिमाबाई, रडत होती, "धनी, गाय हंबारतेय, तिला पानी कोन दावील?" चंदनने खिशातल्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं. आईचा आवाज जपावा एवढंच मनात होतं, असं तो आजही शपथेवर सांगतो. पण दोन महिन्यांनी तोच हेल त्यांच्या नव्या गाण्याच्या सुरुवातीला लागला आणि ‘कडा’चं नाव झालं. पुण्या-मुंबईचे बँडही मग आपापल्या गावची रडगाणी शोधत फिरू लागले. आईला विचारायचं मात्र या शहाण्याला सुचलं नाही.

महाडच्या कार्यक्रमाला त्याने मोठ्या कौतुकाने तिला गाडी करून आणलं, पहिल्या रांगेत बसवलं. भोंग्यातून तिचंच रडणं आलं. हजारभर पोरांनी ते तोंडपाठ म्हटलं, उड्या मारत, हसत. "पानी कोन दावील?" चिमाबाई खुर्चीला धरून उभी राहिली. चंदनने माईक खाली ठेवला.

त्याने गाण्यातून हेल काढून टाकला. लोक तोच मागायचे, हा नाही म्हणायचा. बोलावणी आटली, सुधीर पुण्याला नोकरीला गेला, वर्षभरात ‘कडा’ संपला. चंदनने ते सोसलं. त्या कार्यक्रमानंतर अबोल झालेली आई पुन्हा बोलत होती, गोठ्यात जात होती, म्हणजे मिटलं, असं त्याने धरलं होतं.

यंदा चिमाबाईची जाऊ काशीबाई गेली. तीस वर्षं दोघींनी एका चुलीवर रांधलं होतं. बाया ओटीवर बसून चिमाबाईच्या हेलाची वाट बघत राहिल्या. तिने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आवाजच नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. चंदन घाबरून पुढे झाला, तिचा हात धरला.

तिने तो सोडवून घेतला. "रडाय गेलं का ती हसनारी पोरां आयकू येतात रे मला."

काशीबाईला त्या दिवशी हेलाशिवायच नेलं.