दुसऱ्या पंचाचा अंगठा

या ग्रुपवर लोक भुताखेतांचं जे लिहितात ते मी रोज वाचतो आणि हसतो, हे आधीच सांगतो. मी गव्हाणचा. वय एकाहत्तर, शिक्षण चौथी. एका बोटाने टाईप करतोय, चुका काढत बसू नका. जन्मभर ट्रक चालवला. घाटात झोपलो, स्मशानाला लागून गाडी उभी करून झोपलो. गाडीला लिंबू-मिरची कधी बांधली नाही. बायको एकदा भगताकडे गेली तर चार दिवस तिच्याशी बोललो नाही. मी फक्त कागद मानतो. कागद असेल तर बोला, नाहीतर वाटेला लागा.

आता जे सांगतोय ते पण कागदाचंच आहे. म्हणून तर झोप उडाली.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात पूर्वी एक वकील यायचे. आम्हा ड्रायव्हर लोकांना झाडाखाली बसवून सांगायचे — पोलिसाने थांबवलं तर थांबायचं, लायसन, आरसी, विमा दाखवायचा, उलट बोलायचं नाही. पण गाडी तपासायची म्हणाला तर कारण विचारायचं. दोन पंच बोलवायला सांगायचं, पंचनामा लिहून घ्यायचा, आणि आपली नक्कल घेतल्याशिवाय हलायचं नाही. बाकीचे ऐकून विसरले. मी नाही विसरलो. पंधरा-वीस वेळा मी रस्त्यावर पंचनामा करून घेतलाय. ट्रक टर्मिनलला मला ‘पंचनामा जोमा’ म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

माझ्याबरोबर क्लीनर म्हणून माझा धाकटा भाऊ असायचा, चाहू. तो शाळेत गेलाच नाही, अंगठा लावायचा. त्याचा डावा अंगठा एकदा ट्रकच्या मागच्या फाळक्यात, म्हणजे माल चढवायच्या झडपेत सापडून मधोमध तिरपा फाटला होता. जखम भरली पण चीर राहिली. अंगठा उठवला की मधून पांढरी तिरपी रेघ यायची. आणि त्याची एक खोड होती. मालाच्या बिल्टीत वरचा कागद ऑफिसचा असतो आणि कार्बनखालचा ड्रायव्हरचा. सही वरती करायची असते. हा बाबा वरचा कागद उचलून खालच्यावर अंगठा दाबायचा. क्लार्क ओरडायचे. तो म्हणायचा, “आमची कॉपी खालची हाय ना? मंग आमचा अंगठा खाली.” शेवटपर्यंत सुधारला नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी चाहू ट्रकच्या केबिनमध्येच गेला. छातीत दुखून. जुन्या पुणे रस्त्यावर, भर दुपारी. पोलिसांनी गाडी अडवून ठेवली म्हणून दवाखान्यात नेता आलं नाही, असं अख्ख्या गावाला माहीत आहे. त्याची बायको हौसा अजून खाकी कपडा दिसला की तोंड फिरवते.

आता गेल्या उन्हाळ्याचं सांगतो.

मी आणि आमची सुगंधा — माझी बायको — जुन्या व्हॅनने कळंबोलीला मुलीकडे निघालो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. मागे तांदळाचं पोतं आणि सुके बोंबील. निघताना ही म्हणाली, “अवो, जरा जळजळतंय.” मी म्हटलं, “राती वाल खाल्लंस, गॅस असंल.” तिने वाटेत सोडा घेतला आणि गप बसली. सर्कलच्या अलीकडे पुलाच्या बाजूला नाकाबंदी होती. निवडणुकीची आचारसंहिता, म्हणून सगळ्यांच्या डिक्या उघडत होते. आमची गाडी बाजूला घेतली.

साहेब तरुण होता, तिशीचा. चांगलं बोलला. “काका, डिकी उघडा जरा.”

“कागद बघा,” मी म्हटलं. “लायसन हाय, विमा हाय, पीयूसी हाय.”

“कागद नकोत. डिकी.”

“मंग पंच आणा दोन. पंचनामा करा. आणि नवीन कायद्यात शूटिंग पण लागतं, ते पण करा.”

हवालदार होता त्याने कपाळावर हात मारला. “काका, पुढं-मागं एवढ्या गाड्या… उघडायला दोन सेकंद लागतात!”

“तुमाला दोन सेकंद. आमची इज्जत जाते.”

साहेब हसला. म्हणाला, “करा हो, काका म्हणतात ते बरोबर आहे.” हे मी मुद्दाम लिहितोय. त्या माणसाने काही चुकीचं केलं नाही.

पंच कोण होतो हल्ली? कोर्टाच्या भानगडीत पडायला कोणी तयार नाही. एक रिक्षावाला नाही म्हणाला. एक सरबतवाला गाडी ढकलत पळाला. शेवटी पंक्चरवाला आला, हात पुसत. हवालदाराने पॅड माझ्या बॉनेटवर ठेवलं, कार्बन घातला, लिहायला सुरुवात केली. साहेबांनी स्वतः मोबाईलवर शूटिंग केलं. मी डिकी उघडली. तांदूळ, बोंबील, स्टेपनी. पंक्चरवाल्याने सही केली.

“झालं काका,” साहेब म्हणाला. “काही नाही गाडीत. जा तुम्ही.” आणि मोबाईल खिशात टाकला.

मी गेलो नाही.

“दुसऱ्या पंचाची सही?” मी म्हटलं.

“अहो, कोणी मिळत नाही. काही सापडलंच नाही तर सही कशाला?”

“एका सहीचा पंचनामा म्हंजे रद्दी. मला पुरा कागद पायजे.”

हवालदार म्हणाला, “काका, मावशी बसल्यात गाडीत उन्हात…”

“ती बसंल. तिला सवय हाय.”

हे माझेच शब्द. बाजूच्या दुकानाच्या पत्र्यावरून ऊन डोळ्यात येत होतं. मी बॉनेटला टेकून हाताची घडी घालून उभा. मला बरं वाटत होतं. खरंच सांगतो, तरुणपण आल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूने एक हात पुढे आला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मनगटाला ऑइल. त्याने पॅड आपल्याकडे ओढलं, वरचा कागद उचलला, कार्बन बाजूला केला आणि खालच्या कागदावर अंगठा दाबला. सावकाश. मग कानाजवळ आवाज आला —

“झाला तुझा कागद पुरा. आता तरी वैनीकडं बग, दादा.”

मला दादा म्हणणारा माणूस जगात एकच होता.

मी वळलो. बाजूला कोणी नव्हतं. हवालदार चार पावलांवर दुसरी गाडी थांबवत होता, साहेब फोनवर होता, पंक्चरवाला परत चालला होता. मग मी काचेतून आत बघितलं. सुगंधाचं डोकं दाराला टेकलेलं, तोंड उघडं, पदर घामाने भिजून अंगाला चिकटलेला. हात काचेवर. ती काच वाजवत असणार… मी पाठ करून उभा होतो.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. हवालदार नंतर म्हणाला की मी “चाहू, चाहू” करत होतो. त्याच साहेबांनी तिला पोलिसांच्या जीपमध्ये घातलं, सायरन लावला. पनवेलच्या हॉस्पिटलला किती मिनिटांत पोचलो, देव जाणे.

डॉक्टर म्हणाले, “हार्ट अटॅक होता. वेळेत आणलंत, म्हणून वाचल्या.” मी मान खाली घातली. वेळेत! तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली तेव्हा पहिलं काय म्हणाली? “मी हाक मारत व्हते. तुमी वळतच नव्हतं.”

एवढ्यावर मी हा अनुभव लिहिला नसता. ऊन लागलं, डोकं फिरलं, भास झाला असं म्हणून मोकळा झालो असतो. पण पाचव्या दिवशी व्हॅन आणायला पोलीस चौकीवर गेलो तेव्हा हवालदाराने पाकीट दिलं. “घ्या काका, तुमची नक्कल. एवढं भांडलात हिच्यासाठी.”

पातळ कागद. कार्बनची निळी अक्षरं. पंच क्रमांक एक, पंक्चरवाल्याची सही, ती पण निळी. पंच क्रमांक दोन — नाव नाही, आणि काळा अंगठा. मधून पांढरी तिरपी रेघ.

मी तिथेच बाकावर बसलो. म्हटलं, हा अंगठा कोणाचा? हवालदाराने मूळ कागद काढला. त्यावर दुसऱ्या पंचाची जागा कोरी. तो म्हणाला, “तुमच्याच हाताचं काळं लागलं असेल. आमच्याकडे शाईचं पॅडच नव्हतं त्या दिवशी.” मी कागद नाकाजवळ नेला. शाई नव्हतीच ती. जळकं इंजिन ऑइल. माझ्या व्हॅनच्या बॉनेटवर बाहेरून ऑइल कुठून येणार? साहेबांना शूटिंग दाखवायला सांगितलं, त्यांनी दाखवलं. ‘जा तुम्ही’ म्हणतात तिथे संपतं. पुढचं कोणाकडेच नाही.

मी तो कागद घेऊन हौसाकडे गेलो. तिच्या पेटीत आमच्या जमिनीचे जुने कागद आहेत, त्यावर चाहूचे अंगठे आहेत. त्यातला एक काढायला सांगितला आणि दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले. ती शाळेत गेलेली नाही, पण तो अंगठा तिला वाचता येतो. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, “ह्यांचा हाय. कुठं भेटला तुमाला?”

मी सगळं सांगितलं. पुलापासून, वालापासून. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, “मंग आता बी पोलिसांनीच अडवून धरलं व्हतं का?”

सव्वीस वर्षं जे सांगत आलो तेच पुन्हा सांगायला तोंड उघडलं… आणि नाही सांगता आलं. कागद समोर होता.

चाहू गेला त्या दुपारी पण हवालदाराने ताडपत्री उचलून बघितली होती आणि म्हणाला होता, “जा बाबा, डोकं नको खाऊ.” दोनदा म्हणाला. मीच गेलो नाही. नक्कल पाहिजे म्हणून तासभर उभा राहिलो. चाहूने केबिनमधून दोन वेळा हॉर्न वाजवला. मी हाताने गप म्हणून खूण केली. मग कागद हातात घेऊन वर चढलो आणि हसत म्हटलं, “बग, घेतला का नाय?” त्याचं डोकं काचेला टेकलेलं होतं.

हौसाने ऐकलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. माझा पंचनामा तिने जमिनीच्या कागदांत ठेवला, पेटी बंद केली आणि म्हणाली, “ह्यो आता माज्याकडं ऱ्हाईल. तुमी जावा.” त्यानंतर ती आमच्या दारात आलेली नाही. सुगंधाला भेटायचं असलं की मी घरात नसताना येते.

हक्क खोटा नाही. अजून कोणी ड्रायव्हर विचारायला आला तर पंच आणि पंचनामा मी सांगणारच. फक्त आधी विचारतो, गाडीत कोण बसलंय.

ज्यांना शास्त्र कळतं त्यांनी सांगावं, तो अंगठा त्या कागदावर कसा आला. माझ्यासारख्या चौथी पास माणसाकडे त्याचं उत्तर नाही, आणि कोणी दिलं तरी पटेल असं वाटत नाही. पण त्या दुपारी जुन्या पुणे रस्त्यावर आमची गाडी कोणी अडवून धरली होती, त्याला आता दुसरा पंच लागत नाही.