इनासकाकांच्या नावाखालची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही. तुम्हाला तरी सांगावं का, हे अजून नीटसं ठरलेलं नाही — पण सुरुवात केली आहे खरी.

गिरीजच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. राहायला बोळिंजला. कारगिल झालं आणि गावातल्या लोकांच्या मनात आलं, की आपलेही सात जण फौजेत होते, त्यांचं काहीतरी असावं. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर जागा मिळाली. काळा दगड, त्यावर सात नावं, आणि प्रत्येक नावाखाली एक ओळ — कोण कुठे होता, काय केलं. त्या ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाईंची भाषा छान, असं सगळे म्हणत. मलाही ते ऐकायला आवडे.

सहा ओळी सहज झाल्या. सातवे इनासकाका. केळीची वाडी होती त्यांची. फौजेत ते पाव भाजायचे. एवढंच. सगळी नोकरी भट्टीपुढे गेली. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळीही ते सीमेपासून कितीतरी लांब होते. डाव्या हातावर भाजल्याचा लांबलचक डाग होता, तोही भट्टीचाच. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं होतं, आपल्या ओट्यावर बसवून, सरबत देऊन. लपवलं काहीच नव्हतं.

मग मी काय लिहिलं? 'एकाहत्तरच्या युद्धात आघाडीवर लढताना जखमी.'

का? पाव भाजले, हे दगडावर बरं दिसणार नाही असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर — बाकीच्या सहा ओळींपुढे ती सातवी फिकी पडत होती. त्यांची नव्हे, माझी ओळ.

समितीच्या बैठकीत मजकूर वाचला गेला, सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी इनासकाका सायकलवरून शाळेत आले. घरी ते त्यांच्या बोलीत बोलत. माझ्याशी मात्र जपून, पुस्तकातल्यासारखं.

"बाई, ते बदला. मी कुठे लढलो? मी पाव भाजले. तसंच लिहा ना."

"काका, दगड कोरून झाला," मी म्हटलं.

झाला नव्हता. कागद माझ्या पर्समध्ये होता. कारागिराकडे तो संध्याकाळी द्यायचा होता, आणि मी तो तसाच दिला.

इथवरचं मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. जरा वाहवत गेले, असं म्हणून, हसून. पुढचं तसं नाही.

उद्घाटनाला सूत्रसंचालन माझंच होतं. पाहुण्यांनी इनासकाकांना हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकसमोर उभे राहिले. "मी पाव भाजायचो," म्हणाले. लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. मी दुसरा माइक हातात घेतला आणि म्हटलं — "किती हा विनय!" टाळ्या आणखी वाढल्या. ते खाली उतरले.

त्या सात जणांत पास्कूकाका होते. ते खरोखर लढले होते. कोपरात गोळी लागली, हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. इनासकाका आणि ते लहानपणापासूनचे दोस्त. रोज संध्याकाळी तळ्याच्या काठी बसायचे, एकमेकांच्या वाडीतून न विचारता नारळ न्यायचे. उद्घाटनाला आठवडाही झाला नसेल, मधल्या सुट्टीत पास्कूकाका शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"इनास म्हणतो, त्याने असं काही सांगितलंच नाही. बाईंनी मनाने लिहिलं म्हणतो. खरं काय आहे?"

खोलीत सगळे होते. मुख्याध्यापकही. सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. तेवढं तर मला लिहिता येतच होतं ना?

मी म्हणाले, "त्यांनी सांगितलं, तेच मी लिहिलं, काका."

त्यांनी मान हलवली आणि गेले.

त्यानंतर ते दोघे तळ्याकाठी एकत्र दिसले नाहीत. मी नेमकं काय म्हणाले, हे इनासकाकांना कळलं असणार — गाव केवढंसं! पण ते मला विचारायला आले नाहीत. रस्त्यात भेटले तर पूर्वीसारखेच सायकलवरून उतरायचे, "बरं आहे ना, बाई?" म्हणायचे. मी बरं आहे म्हणायचे.

चार वर्षांनी इनासकाका गेले. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला पास्कूकाका शेवटच्या बाकावर बसले होते. दफनाच्या वेळी सगळ्यांनी माती दिली. ते पुढे झाले नाहीत. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होते. गेले का त्यांच्याकडे? नाही.

पुढच्या वर्षी ते मला बसस्टॉपवर भेटले. आम्ही दोघंच होतो. मुख्याध्यापक निवृत्त होऊन गावी गेले होते, माझीही शाळेतून बदली झाली होती. कुणाला घाबरावं असं काही उरलं नव्हतं.  पास्कूकाका आपणहून म्हणाले —

"इनास लबाड नव्हता हो, बाई. आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही माझ्याशी. का केलं असेल त्याने असं?"

मी म्हटलं, "वय झालं की होतं असं कधीकधी."

बस आली. आत एकच जागा रिकामी होती. पास्कूकाका मागे सरले आणि म्हणाले, "बसा, बाई."

मी बसले.