चिकूवरची बुरशी आणि आमच्या बाई

डहाणूच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये आम्ही तिघं. सडक्या फळांवरची बुरशी ओळखायची, एवढंच काम. त्यात कसले आलेत किस्से, असं तेव्हा वाटायचं. आता बदली होऊन लांब आलेय, तर एक आठवला की मागून दुसरा येतोच.

बाई आमच्या प्रमुख. जान्याकाका रानशेतहून येणारे मदतनीस. आणि मी.

*

वरोरच्या एका मावशींना बाईंनी सडके चिकू आणायला सांगितलं होतं. पिशवीतून निघाले सहा टपोरे, निरोगी चिकू.

"मावशी, सडके कुठायत?"

"सडकं फळ कुणाच्या हातात कसं द्यायचं, बाय? पहिल्यांदाच आले मी."

बाईंनी एक चिकू तिथंच खाल्ला. मग मावशींबरोबर रिक्षात बसून वरोरला गेल्या आणि सडके स्वतः वेचून आणले.

*

घोलवडच्या एका शेठच्या वाडीत फळं काळी पडत होती. आम्ही बुरशी काचेच्या बशीत वाढवली. आधी पांढरी, मग करडी, मग काळी. शेठचा रोज फोन. "बेन, बारसं कधी? कुठलं औषध मारू?"

"चेहरा ओळखीचा वाटला म्हणून नाव सांगायचं नसतं, शेठ. बीजाणू येऊ देत."

तिसऱ्या आठवड्यात बीजाणू आले. बाईंनी जान्याकाकांनाही मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. काका बराच वेळ डोळा लावून होते.

"दोन खोल्यांचं घर हाय. मधी भिंत."

दोन पेशींचा बीजाणू म्हटल्यावर बाईंना बुरशी ओळखू आली. त्यांनी शेठला फोन लावून नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "बारसं काकांनी केलं."

*

त्या खोलीला कायम आंबूस-गोड वास असायचा. घरी गेलं तरी केसांतून जायचा नाही. इथल्या एसी लॅबमध्ये कसलाच वास येत नाही.

*

निवृत्तीच्या वर्षी बाईंची नजर फार कमी झाली. कुणी त्यावर बोलत नसे. काका मायक्रोस्कोपला डोळा लावून सांगायचे, "काठीच्या टोकाला गोल डोकं. वर काळी पूड." बाई नाव सांगायच्या, मी लिहायचे. मागाहून मी गुपचूप तपासायचे. एकदाही चुकल्या नाहीत.

बाईंच्या निरोपाच्या दिवशी चहा झाला. बाई उठल्या, चाचपडत टेबलापाशी गेल्या आणि स्वतः मायक्रोस्कोपवर वाकल्या. खाली स्लाइड ठेवलेलीच नव्हती. मी पुढे होणार, तोच काकांनी माझा हात धरला.

बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. हलक्या हातानं फोकस फिरवला.

"छान आलीय," त्या म्हणाल्या.

"व्हय बाई," काका म्हणाले. "लई छान."