फेब्रुवारीतला फ्रान्स

फेब्रुवारीत आम्ही फ्रान्सला गेलो तेव्हा घरच्यांच्या ग्रुपवर माझं फार कौतुक झालं. नणंदेने लिहिलं, "वहिनी, काय डोकं चालवलंत! रांग नाही, गर्दी नाही, सगळं कसं निवांत." मी खाली हसरा चेहरा टाकला. शाळेत जाणारं मूल असलेल्या घराला फेब्रुवारीत असं फिरता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही. ते येऊ नये म्हणूनच मी एकामागून एक फोटो टाकत होते. आमची मुलगी ऑक्टोबरपासून शाळेत गेली नव्हती.

आम्ही जपानमध्ये, ग्योतोकुला राहतो. नवऱ्याच्या बँकेने तीन वर्षांसाठी पाठवलं, त्याची नऊ झाली. ओळखीच्यांनी मुलं इंडियन स्कूलमध्ये घातली. आम्ही हिला घराजवळच्या जपानी शाळेत घातलं, कारण राहायचं तर इथलं होऊन राहावं असा माझा हट्ट. ती इथली झाली, मी काही झाले नाही. मला बोलायला जेमतेम येतं आणि वाचायला येतच नाही. त्यामुळे ती दुसरीत असल्यापासून घरातलं सगळं जपानी वाचायचं काम तिच्याकडे. सिटी ऑफिसची पत्रं, कचऱ्याचं वेळापत्रक, डॉक्टरकडचे फॉर्म, सगळं तीच वाचायची.

शाळेत जाणं थांबवलेल्या मुलांसाठी इथे 'फुतोको' असा एक शब्द आहे. तो म्हणताना लोक आवाज खाली आणतात. गैरहजेरी शाळेच्या ॲपवर रोज सकाळी कळवावी लागते, आणि तीही जपानीत. मग ती कोण लिहिणार? मी फोन घेऊन तिच्या दारात उभी राहायचे. ती पांघरुणातून हात बाहेर काढायची, माझ्या नावाने 'ताप आहे' नाहीतर 'पोट दुखतंय' असं लिहायची आणि फोन परत द्यायची. मला त्याची लाज वाटायची, पण हळूहळू सवयही झाली.

काय झालं ते मी मराठीत विचारलं, नवऱ्याने इंग्रजीत विचारलं आणि सेन्सेईंनी, म्हणजे तिच्या वर्गशिक्षकांनी, जपानीत विचारलं. तिघांनाही एकच उत्तर मिळालं, "बेत्सुनी." विशेष काही नाही.

फ्रान्सचं नाव तिनेच काढलं. समुद्रातल्या खडकावर बांधलेला तो मठ बघायचाय म्हणाली. इतक्या महिन्यांत 'मला हवंय' असं तिने पहिल्यांदा म्हटलं होतं. दुसरी कुणी आई असती तर तेवढ्यावर खूश झाली असती. मी पडले कामसू, मी त्यातही काम काढलं. या वेळी तिच्या नकळत, फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने सेन्सेईंना कळवलं की प्रवासाहून परतलो की सोमवारपासून ती नक्की शाळेत येईल. आणि तिला सांगितलं, "अट बिट काही नाही गं, नुसतं फिरून येऊ." ही दोन्ही वाक्यं एकाच दुपारची, आणि दोन्ही लिहिता-बोलताना माझा आवाज किंवा हात जराही अडखळला नाही.

पॅरिस राखाडी होतं. आयफेल टॉवरचा सर्वांत वरचा मजला वाऱ्यामुळे बंद होता. व्हर्सायच्या बागेत कारंजी कोरडी होती आणि पुतळे हिवाळ्यापुरते जाड कापडात बांधून ठेवलेले. कुठल्या गाठोड्यात कोण आहे ते नवरा पाट्या वाचून सांगत होता. त्यावर कुणी हसलं नाही. गर्दी असली की तीन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत हे खपून जातं. रिकाम्या दालनात आमच्या बुटांचा आवाज तेवढा यायचा आणि मला अगदी नकोसं व्हायचं.

चौथ्या दिवशी मठ. धुकं इतकं की पुलावरून चालत निघालो तरी समोर काही दिसेना. समुद्र ओसरलेला, दोन्ही बाजूंना नुसता चिखल. आत निम्मी दुकानं बंद आणि पायऱ्या ओल्या. पण मुलगी आमच्या पुढे भराभर चढत होती. एका वळणावर थांबून ओरडली, "आई, लवकर ये ना!" तो आवाज मी जवळजवळ विसरले होते. डोळ्यांत पाणी आलं, ते दिसू नये म्हणून दम लागल्याचं निमित्त करून मी पायरीवर बसले.

ती माझ्यासाठी खाली आली आणि तेवढ्यात फोन वाजला. शाळेच्या ॲपवर निरोप होता. जपानी अक्षरं दिसली की माझा हात आपोआप तिच्याकडे जातो, तसाच गेला. "बघ गं, काय म्हणतायत."

तिने वाचलं. जरा वेळ लावूनच वाचलं. मग फोन परत दिला.

"बेत्सुनी. थंडी असेल, तब्येत सांभाळा म्हणतायत."

"किती चांगले आहेत गं," मी म्हटलं.

त्यानंतर ती एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. उभी राहा म्हटलं तिथे उभी राहिली, फोटोत हसली, समोर आलं ते खाल्लं. नवरा म्हणाला, "बघ, हवापालट झाला की नाही?" माझा जीव भांड्यात पडला. ते फोटो अजून आहेत. ऑफिसच्या समारंभात लोक साहेबांशेजारी उभे राहतात, तशी ती आमच्यामध्ये उभी आहे. तेव्हा मला ते दिसलं नाही.

सोमवारी ती आपणहून उठली, युनिफॉर्म घातला, दप्तर पाठीला लावलं. नवरा सातलाच गेला होता. दाराशी बूट काढायच्या जागी बसून तिने बूट घातले, आणि बसूनच राहिली. आठ वाजले, साडेआठ वाजले. मी म्हटलं, "चल, मी येते सोडायला." ती उठायला गेली आणि तिचे पाय लटपटले. खोटे नव्हते, गुडघ्यापासून थरथरत होते. इतके महिने मी त्याला हट्ट समजत होते. मला माझीच चीड आली.

"सेन्सेईंना कळव आई," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "वाट बघतायत. आईंनी सोमवारचं नक्की सांगितलंय, सगळा वर्ग वाट बघेल, असं लिहिलं होतं त्यांनी."

"कधी लिहिलं?"

"मठाच्या पायऱ्यांवर वाचलं ना मी."

मी तिच्या शेजारी थंड फरशीवर बसले. मग म्हटलं, "तेव्हाच का नाही बोललीस? भांडायचंस माझ्याशी."

"बाबा खूश होता," ती म्हणाली. मग बुटांच्या नाड्या सोडता सोडता, अगदी साध्या आवाजात, "मला वाटलं होतं, तुला माझ्याबरोबर फिरायचंय."