गाळलेली जागा

माझ्या मावशीला मी कळायला लागल्यापासून खोटारडी समजत आले. नुसतं मनातल्या मनात नव्हे, तिच्या तोंडावर म्हटलंय, दोनदा. त्यामुळे तिच्याविषयी लिहायचा हक्क मला नाही, हे आधीच कबूल करते. पण ती आता नाही आणि दुसरं कुणी लिहिणार नाही. जे लिहितील ते तिच्या गाण्याविषयी लिहितील, आणि त्या गाण्याविषयी इतकं लिहून झालंय की मला त्याची शिसारी आली आहे.

मावशी लॉन्ड्रीत इस्त्री करायची. हॉटेलच्या चादरी, डॉक्टरांचे डगले, वेटरांचे शर्ट. जड इस्त्री ओढून ओढून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता आणि मनगटावर भाजल्याचे आडवे डाग होते, फूटपट्टीवरच्या रेघांसारखे. यंत्रांच्या घरघरीत आपलं कुणाला ऐकू जात नाही अशा भ्रमात ती गायची. एकदा मास्तर आपल्या वादकांचे कोट न्यायला आले आणि त्यांना ऐकू गेलं. मास्तर म्हणजे तेव्हाचे नावाजलेले संगीतकार. त्यांना नाव असणार, पण सगळे मास्तरच म्हणत. ते लॉन्ड्रीच्या मालकाला म्हणाले, "कोट राहू द्या हो. ही बाई द्या."

एका तऱ्हेच्या गाण्यांची तेव्हा चलती होती. ऑर्गन, बेस गिटार, दोन-तीन पितळी वाद्यं, मागे कोरस आणि पुढे एक माणूस काळीज बाहेर काढून गातोय. ‘सोल’ म्हणायचे त्याला. सोल म्हणजे आत्मा, असं मास्तरांनी पहिल्या दिवशी समजावलं तेव्हा मावशी म्हणाली, "मला वाटलं बुटाचा तळ." सगळा स्टुडिओ हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांना आत्मा हवा होता, आणि हवं ते मिळवल्याशिवाय ते सोडत नसत.

दोन वर्षं ती कोरसात मागे उभी राहिली. दिवसा लॉन्ड्री, बोलावणं आलं की स्टुडिओ. मग ‘आलेच मी’ हे गाणं आलं. परगावी कामाला गेलेली मुलगी आजारी आईला सांगते की मी निघाले आहे, एवढीच त्याची गोष्ट. धृपद होतं, "दार लोटू नकोस, आलेच मी गं आई." मास्तरांनी तिला कोरसातून काढून एकटीला माइकपुढे उभं केलं. तिची स्वतःची आई तेव्हा गावी अंथरुणाला खिळली होती. मास्तरांना हे माहीत होतं. म्हणूनच त्यांनी तिला निवडलं, असं मला आता वाटतं.

रेकॉर्डिंग सकाळी नऊला सुरू झालं. आठ टेक झाले आणि आठही वाया गेले. "सूर आहे, जीव नाही," मास्तर दर वेळी म्हणत. दुपारी तीनला, नवव्या टेकच्या आधी, ते काचेच्या खोलीतून बाहेर आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या घरून निरोप आलाय. आईचं जास्त झालंय. एवढा टेक दे आणि नीघ." ते आत गेले. लाल दिवा लागला.

ती गायली. धृपदापाशी, ‘आलेच मी गं’पर्यंत आली आणि पुढचा शब्द तिच्या तोंडातून निघेना. तिने तो गिळला. दोन मात्रा नुसता ऑर्गन वाजला. धृपद चारदा येतं, चारही वेळा तसंच झालं. काचेपलीकडे मास्तरांनी दोन्ही हात वर केले, हाच टेक. ती चपला हातात घेऊन बसथांब्याकडे पळाली. चार तासांचा रस्ता होता. ती साडेसातला पोचली. तिची आई, म्हणजे माझी आजी, पाचला गेली होती.

दारात तिची धाकटी बहीण उभी होती. ती माझी आई. मी वर्षाची, तिच्या कडेवर.

"पावणेदहाला फोन केला मी स्टुडिओत," माझी आई म्हणाली. "दिवसभर विचारत होती ती, आली का, आली का. मी सांगत होते निघालीय. गाणं संपवून आलीस?"

"मला तीनला कळलं गं."

"आता तरी खोटं बोलू नकोस! ‘सांगतो’ म्हणाला तो माणूस, या कानांनी ऐकलंय मी."

दोघी बहिणींमधलं बोलणं तिथे संपलं. माझ्या आईच्या मते मावशीने गाण्यापायी आईला वाऱ्यावर सोडलं आणि वर खोटं बोलली. मावशीच्या मते माझ्या आईने फोन उशिरा केला आणि अंगाशी आल्यावर सकाळची वेळ सांगितली. मास्तरांना विचारावं हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. परक्यावर संशय घ्यायला कारण लागतं, घरच्यावर लागत नाही. मावशी पुन्हा स्टुडिओत गेली नाही. माझी आई चव्वेचाळीस वर्षं तिच्या घराची पायरी चढली नाही आणि एक दिवस स्वतःच गेली.

गाणं मात्र धो धो चाललं. पुढच्या गायकांनी ते रेकॉर्डवरून उचललं, शब्दांचा कागद कुणी बघितलाच नाही. त्यामुळे ‘आई’ गेली ती गेलीच. पहिलं कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात, एका पुरुषाचं. त्याने ‘आलेच’चं ‘आलोच’ केलं, ‘गं’ तसाच ठेवला, आणि गाणं प्रेयसीचं झालं. मग बाया गायला लागल्या. त्यांनी ‘आलेच’ ठेवलं आणि ‘गं’चा ‘रे’ केला. झाला प्रियकर तयार. बाईने बाईला ‘आलेच मी गं’ म्हटलंय अशी एकच आवृत्ती राहिली, मावशीची, आणि तीही लोकांना चूक वाटायची. त्या दोन गप्प मात्रा सगळ्यांनी जिवापाड जपल्या. सॅक्सोफोनवाल्याने जपल्या, लहान मुलांच्या कोरसने जपल्या, कुलपाच्या एका जाहिरातीत त्या जागी किल्ली फिरल्याचा आवाज होता. गाण्याच्या क्लासमध्ये बोटांवर मोजून शिकवायचे, इथे एक, दोन, गप्प बसायचं, इथे ओढ आहे. मी शाळेत शिकवते. ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न मी हजारदा काढला असेल. माझी ढ पोरंसुद्धा तिथे काहीतरी खरडतात. यांनी जागा कोरी ठेवली आणि तिला कला म्हटलं.

मी मावशीला खोटारडी म्हटलं ते पहिल्यांदा चौदाव्या वर्षी. ती मला शाळेच्या फाटकाशी भेटायला आली होती, माझ्या मापाचा फ्रॉक इस्त्री करून घेऊन. मी म्हटलं, "खोटारड्या माणसाचं मला काही नको." तिने फ्रॉकची घडी मोडू न देता तो परत पिशवीत ठेवला. दुसऱ्यांदा, माझी आई गेली त्या दिवशी. कोपऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "तिला पटवायचं राहूनच गेलं गं. मला खरंच तीनला कळलं होतं." मी म्हटलं, "निदान आज तरी खोटं बोलू नकोस." माझ्या आईचंच वाक्य, तिच्याच सुरात. तेही एक कव्हरच म्हणायचं.

त्यानंतर मी दर रविवारी तिच्याकडे जाऊ लागले. प्रेमाने नाही, लोक काय म्हणतील म्हणून. तिला दुसरं कुणी नव्हतं.

अशाच एका रविवारी एक गृहस्थ दारात आले. रेडिओ स्टेशनच्या रेकॉर्ड लायब्ररीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे ‘आलेच मी’च्या एकसष्ट आवृत्त्या होत्या, डब्यांत घालून, नंबर टाकून. मी त्यांचं नाव एकसष्टवाले ठेवलं. गाण्याला पन्नास वर्षं होत होती, मोठा कार्यक्रम ठरला होता. मास्तर पंच्याऐंशीचे, पण येणार होते. मूळ गायिका जिवंत आहे हा शोध एकसष्टवाल्यांना नुकताच लागला होता आणि ते नवी आवृत्ती सापडल्यासारखे मावशीकडे बघत होते.

मला वाटलं ती हाकलून देईल. ती म्हणाली, "येते. गाईनसुद्धा."

ते गेल्यावर मी विचारलं, "कशाला हो म्हणालीस? हसू होईल."

"मला तो शब्द म्हणायचाय," ती म्हणाली. "एकदा. त्याच्या जागी."

महिनाभर तिने तयारी केली. इस्त्री करताना गुणगुणायची, ‘गं’पर्यंत यायची आणि थांबायची. शब्द ती खर्च करत नव्हती.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. आधी एकसष्ट आवृत्त्यांचे तुकडे वाजले, मग मास्तरांना खुर्चीसकट मंचावर आणलं. मावशी शेजारी उभी. निवेदकाने विचारलं, त्या दोन मात्रा कशा सुचल्या? मास्तर खूश झाले. आवाज खणखणीत होता.

"सुचल्या कसल्या, काढल्या मी!" ते म्हणाले. "ही बाई सकाळपासून कोरडी गात होती. पावणेदहाला हिच्या घरून फोन आला, आई अत्यवस्थ, ताबडतोब पाठवा. मी चिठ्ठी केली आणि खिशात टाकली. म्हटलं, हे हत्यार आत्ताच नको काढायला. आठ टेक वाट पाहिली. नवव्याला सांगितलं. बघा काय निघालं ते! कलेसाठी थोडं निष्ठुर व्हावं लागतं हो."

टाळ्या पडल्या. तुरळक नाही, कडकडून. एकसष्टवाले उभे राहून वाजवत होते.

मावशी मास्तरांकडे बघत नव्हती. ती तिसऱ्या रांगेत माझ्याकडे बघत होती. पावणेदहा. फोन सकाळीच गेला होता, आणि तिला तीनलाच कळलं होतं. दोघी खरं बोलत होत्या. दहाची बस मिळाली असती तर ती दोनला पोचली असती आणि तीन तास आईजवळ बसली असती. माझ्या आईला मरून सहा वर्षं झाली होती, तिला आता हे सांगणार कोण? माझे हात मांडीवर तसेच पडले होते. मला लाज वाटली, आणि लाजेचाही राग आला.

ऑर्गन सुरू झाला. मला वाटलं ती उतरून येईल. ती गायली. आवाज फाटका, वरचे सूर लागेनात. पण ‘आलेच मी गं’ म्हणाली आणि पुढे ‘आई’ म्हणाली. स्पष्ट, सावकाश, हाक मारतात तशी. चारही वेळा म्हणाली. सभागृहात चुळबुळ झाली. कुणीतरी हसलं. माझ्या मागची बाई शेजारणीला म्हणाली, "बिचारी, वयामुळे होतं. पदरचे शब्द घालतेय."

परतताना टॅक्सीत ती म्हणाली, "म्हणजे तिने फोन केला होता. सकाळीच."

"हो."

"पन्नास वर्षं मी तिला मनात खोटारडी म्हणत होते गं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. माफ कर, एवढे दोन शब्द. मी म्हटलं, "पट्टा लाव."

आठवड्याने एकसष्टवाल्यांनी कागद पाठवला. कार्यक्रमाची रेकॉर्ड निघणार होती, तिची संमती हवी होती. मावशी म्हणाली, "चष्मा सापडत नाही. तू वाच आणि सांग." मी वाचला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, अनावश्यक भाग व किरकोळ चुका वगळण्यास माझी हरकत नाही. मला घरी जाऊन सहामाहीचे पेपर तपासायचे होते. मी म्हटलं, "नेहमीचंच आहे, कर सही."

दोन महिन्यांनी ते स्वतः सीडी घेऊन आले. मी लावली. मावशी हात मांडीवर घेऊन बसली. मास्तरांचा किस्सा अख्खा होता, पावणेदहापासून ‘निष्ठुर’पर्यंत, टाळ्यांसकट. मग गाणं लागलं. फाटका आवाज आला. "दार लोटू नकोस, आलेच मी गं," आणि पुढे दोन मात्रा ऑर्गन.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. दुसरं धृपद. ऑर्गन. तिसरं, चौथं.

"त्या दिवशी तुमची जरा गफलत झाली होती," एकसष्टवाले प्रेमाने म्हणाले. "पण आमच्या इंजिनिअरने इतकं सफाईने काढलंय, सांधा सापडणार नाही. मूळ गाण्याशी इमान राखायला नको का? बासष्टावी आवृत्ती!"

"काढलेलं कुठे ठेवता?" मावशीने विचारलं.

"त्यात ठेवायचं काय? पुसून टाकलं."

"बरं," ती म्हणाली, आणि चहात साखर किती घालू म्हणून विचारलं. त्यांनी दोन चमचे सांगितले. चहा पिऊन ते गेले.

मावशीने कप विसळले, पालथे घातले, हात पुसले. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच तिने विचारलं, "त्या सहीच्या कागदावर असं काही लिहिलं होतं का गं?"

"नाही," मी म्हणाले.

तिने लगेच विश्वास ठेवला.