सोनगीरची घोरणारी गाय

गाय उभ्या उभ्या घोरत होती. भर दुपारी, डोळे टक्क उघडे ठेवून. आबांचा गोठा सोनगीरला, हायवेच्या कडेला. तो आवाज ऐकून ट्रकवाले हॉर्न समजून साइड देत, हे मी शपथेवर सांगतो.

गाय म्हातारी. नाकातून रक्ताळलेला शेंबूड. टॉर्च मारला तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ. म्हाताऱ्या गुरांना नाकाच्या आतल्या हाडात क्वचित कॅन्सर होतो. निम्म्या खानदेशाच्या गुरांच्या नाकात मी डोकावलोय, पण तो कधी भेटला नव्हता. हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा आजार म्हणजे नाकाच्या शिरांत राहणारा कृमी. डबक्यातल्या गोगलगायींमुळे तो गुरांना होतो. शेंबूड काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा. अंडी दिसली की कृमी.

मी स्लाइड घेऊन धुळ्याला, आमच्या गुरांच्या दवाखान्यात आलो. काच कोरी.

दवाखान्याचे मोठे साहेब म्हणाले, "अंडी नाहीत, वय झालंय, रक्त येतंय. कॅन्सर लिहा."

"तुकडा काढून लॅबला पाठवतो, साहेब."

"पाठवा. रिपोर्ट येईपर्यंत गाय टिकली तर वाचून दाखवा तिला."

दुसऱ्या दिवशी तुकडा काढायला गेलो, तर आबांच्या दारात टेम्पो. आदल्या दिवशी मी 'कॅन्सर असू शकतो' म्हणालो होतो. आबांनी त्यातलं 'असू शकतो' गाळून टाकलं होतं.

"तिना जीव गुदमरस, डॉक्टर. मन्हाघाई देखवत नही. पांजरपोळमा सोडी येस."

तेवढ्यात गोठ्यात नजर गेली. मला येताना पाहून आबांच्या घरच्या, अक्का, बादली घेऊन गायीकडे निघाल्या होत्या. हातात फडकं.

"अक्का, हे काय?"

"नाक धुई देस. काल बी तुम्ही येवाना पहिले बठ्ठं धुई टाकं व्हतं. कडुलिंबना पानीघाई. डॉक्टर काय शेंबडा नाकले हात लावतीन?"

मी अजून चालू राजदूत मोटरसायकलवरच होतो; क्लच सोडून तशीच उडी मारली. गाडी एकटीच फर्लांगभर पुढे जाऊन उकिरड्यात टेकली. अक्कांच्या हातून फडकं हिसकावलं आणि न धुतलेल्या नाकातला शेंबूड खरवडून घेतला. टेम्पोवाल्याला थांबायला सांगून धुळे गाठलं.

या वेळी काचेवर अंडीच अंडी. कोयत्यासारखी वाकडी, मधे फुगलेली. साहेबांनी बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"कालची स्लाइड कोणी घेतली होती?"

"मीच. पण नाक अक्कांनी धुतलं होतं."

सोनगीरला परतलो तेव्हा आबा टेम्पोला टेकून उभे होते.

"कॅन्सर नही शे ना? नक्की?"

"नक्की. कृमी आहे. आठवड्याला एक इंजेक्शन, आणि डबक्याचं पाणी बंद."

आबांनी डोळे पुसले आणि टेम्पोवाल्याकडे वळले. "मंग तू काय उभा शे? जाय."

काही आठवड्यांत गाठी आक्रसल्या, घोरणं थांबलं, आणि मला वाटतं हायवेवरच्या ट्रकवाल्यांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं. तेव्हापासून व्हिजिटला निघण्याआधी मी निरोप धाडायचो: जनावर आहे तसं ठेवा, मी तपासायला येतोय, मुलगी बघायला नाही.