अक्का पाँडिचेरीत जेवली

अक्काला जेवताना मी चाळिशी उलटेपर्यंत पाहिलं नव्हतं. ती माझी सख्खी मोठी बहीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. चोपड्याला तिच्या सासरी मी शंभरदा जेवलो असेन. तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात यायची. पण ती स्वतः कधी जेवते, काय जेवते, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायची, "हुई जाई मनं." होईल माझं.

बाविसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि त्या घरची चूल तिच्या गळ्यात पडली. आधी पुरुष, मग पोरं, मग गडी. सगळ्यांच्या मागून दोघी पुतणसुना आणि अक्का. तेही उरलं तर, आणि गार झालेलं. त्या घरावरचा माझा राग तेव्हापासूनचा आहे आणि तो मी लपवत नाही. कापसाच्या दलालीत शून्यातून वर आलो, जळगावात घर बांधलं, त्यात एक खोली तिच्यासाठी ठेवली. तिला आणायला किती वेळा गेलो आणि तिच्या दिराशी भर ओट्यावर किती वेळा भांडलो, मोजदाद नाही. भांडण रंगात आलं की आतून तिचा शांत आवाज यायचा, "भाऊ, तुनं भांडन हुई गयं व्हई ते हातपाय धुई ले. भाकर थंडी हुई ऱ्हायनी."

मग मी युक्ती केली. रामेश्वरच्या यात्रेला म्हणून तिला काढलं. सोबत माझी बायको आणि मुलगी नलू. महिनाभर आमच्यात राहिली की परत जायचं नाव काढणार नाही, असा माझा हिशेब. परतताना पाँडिचेरीच्या एका गिरणीला कापसाचे नमुने दाखवायचे होते. पाँडिचेरी तेव्हा अजून फ्रेंचांकडे होतं, म्हणजे परमुलूखच. नाक्यावरच्या शिपायानं अक्काचा मिरचीच्या चटणीचा डबा उघडून हुंगला आणि शिंकत शिंकत आमचं बाकीचं सामान न बघताच सोडून दिलं.

वाटेत प्रत्येक धर्मशाळेत अक्काच चूल मांडायची आणि आम्ही उठल्यावर आडोशाला जेवायची, पण इथल्या धर्मशाळेत चूल मांडायची सोय नव्हती. गिरणीच्या माणसानं एक फ्रेंच खाणावळ दाखवली. दारात फळ्यावर दुपारच्या जेवणाचा ठरावीक दर लिहिला होता, आणि तो मुंबईच्या बऱ्या हॉटेलापेक्षा कमी होता. माझ्या धंद्यात एवढ्या स्वस्त मालाची गासडी आधी फोडून बघतात. आम्हाला मांस, मासे, अंडं काही चालत नाही, तेव्हा दर उतरवा, असं मी दारातच सुरू केलं. मालकीण पिकल्या केसांची मडम होती. वाढप्या तमिळ, पण मुंबईत राहिलेला. तो माझं हिंदी तिला समजावत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बोटानं फळा दाखवला. कापूस बाजारात मला असं कुणी गप्प केलं नव्हतं.

आत पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, माणशी दोन-दोन सुऱ्या, आणि देवळासारखी शांतता. वाढप्यानं अक्कासाठी खुर्ची ओढली, तर त्याला खुर्ची हवी आहे असं समजून ती बाजूला सरकली. कसंबसं बसवलं. मग भोपळ्याचं सूप आलं, पहिलं अक्कापुढे. ते ठेवून तो भिंतीशी जाऊन उभा राहिला.

आमच्याकडे मिठापासून गोडापर्यंत पान पूर्ण वाढून झाल्याशिवाय आणि वडीलधाऱ्यानं सुरुवात केल्याशिवाय कुणी हात लावत नाही. आम्ही बाकीच्या जेवणाची वाट बघत बसलो. सूप निवत चाललं. नलू चमच्याकडे बघे, बायको तिला डोळे दाखवी. माझं डोकं तापलं. एका वाटीत भागवायचं होतं म्हणून एवढा स्वस्त दर, असं म्हणत मी उठलोच. गडबड ऐकून मडम आतून आली आणि न शिवलेली सुपं बघून तिचा चेहरा पडला.

अक्कानं वाढप्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बस खाले. तो आपली वाट देखी ऱ्हायना, आन आपन त्यानी."

आणि तिनं चमचा उचलला. सगळ्यांच्या आधी.

पुढे आधीची बशी रिकामी झाली की एकेक पदार्थ येत गेला. कोवळ्या शेंगा, मग दूध आणि चीज घालून वर तांबूस भाजलेले बटाट्याचे काप, मग साखरेच्या पाकातली फळं. प्रत्येक बशी आधी अक्कापुढे, वाफाळती. बटाटे खाताना तिनं क्षणभर डोळे मिटले. माझं जेवणाकडे लक्ष नव्हतं. माझी बहीण गरम जेवते आहे, हे मी बघत होतो.

जेवण झाल्यावर तिनं मला वाढप्याला एकच गोष्ट विचारायला लावली, रांधणाऱ्या कधी जेवतात. तो हसून म्हणाला, "ग्यारह बजे, सब साथ में, दुकान खुलने से पहले. मॅडम कहती हैं, भूखा हाथ जल्दबाज़ी करता है." अक्का स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि आतल्या बायकांना तिनं हात जोडले.

संध्याकाळी समुद्रावर मी विषय काढला. आता चोपड्याला जायचं नाही, खोली तयार आहे.

"तुना घर मी एकटीच जेवसू, भाऊ," ती म्हणाली. "तठे मना संगे दोन जनी उपाशी शेतस." तिथे माझ्याबरोबर त्या दोघी सुना उपाशी आहेत.

मी तिला चोपड्याला पोचवून जळगावला परतलो.

चोपड्याला तिनं काय केलं ते नंतर कळलं. घरात गडीमाणसांची मोठी पंगत होती. त्या दिवशी पंगतीआधीच तिनं दोघी सुनांना चुलीपुढे बसवून जेवू घातलं आणि स्वतःही बसली. दीर रागावून ताटावरून उठला. तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं आणि पुढच्याला वाढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं जेवला.

अक्का गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. जळगावच्या खोलीत ती एक रात्रही राहिली नाही, आणि त्या घराला मी अजून माफ केलेलं नाही. पण त्या पंगतीनंतर महिनाभरानं मी भांडायच्याच तयारीनं चोपड्याला गेलो होतो. ऊन डोक्यावर, पोटात भूक. स्वयंपाकघरात डोकावलो तर तिघी जणी चुलीपुढे जेवत होत्या. मला बघून सुना उठायला लागल्या. अक्कानं त्यांना हातानं खाली बसवलं आणि घास न थांबवता मला म्हणाली, "ओटावर बस जरासा, भाऊ. आमनं जेवन चालू शे."

मी जाऊन बसलो.